मजुरीचा दर आणि महिनाअखेरची शिल्लक

देशोदेशीच्या कुशल कारागिरांची कमाई आणि त्यांचा संसारखर्च

पेढीवर बसणाऱ्या माणसाला विक्री आणि नफा यांतील भेद कोणी शिकवावा लागत नाही. दिवसाकाठी मोठा गल्ला जमूनही भाडे, व्याज, पगार, कर आणि घट वजा जाता वर्षाअखेर हाती काहीच न उरलेली दुकाने त्याने पाहिलेली असतात. तसेच लहानशा गाळ्यात बसून, बेताची विक्री करून, मुलाबाळांची शिक्षणे आणि लग्ने व्यवस्थित पार पाडणारे व्यापारीही त्याच्या परिचयाचे असतात. तरीही परदेशातील मजुरीचा विषय निघाला की हाच व्यवहारदक्ष माणूस एका गुणाकारावर थांबतो. अमेरिकेतील वायरमन तासाला तीस डॉलर मिळवतो, म्हणजे अडीच हजार रुपये झाले. आपल्याकडे दोन दिवस राबूनही तितके मिळत नाहीत, असा उद्गार निघतो आणि चर्चा तेथेच संपते. हा गुणाकार खोटा नाही, पण अपुरा आहे. तो विक्रीचा आकडा आहे. नफ्याचा आकडा त्यातून कळत नाही.

हा हिशोब आता केवळ गप्पांचा विषय राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करार झाला आणि पहिल्या टप्प्यासाठी दहा हजारांचे उद्दिष्ट ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २०,००० वरून ९०,००० पर्यंत नेण्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलमधील बांधकामांसाठी रोहतक आणि लखनौ येथे सुतार, लोखंड वळवणारे, फरशी बसवणारे आणि गिलावा करणारे यांची भरती झाली, तेव्हा उमेदवारांच्या रांगा लागल्या होत्या. विद्युत साहित्य, नळजोडणीचे सामान, प्लायवूड किंवा फरशी यांचे दुकान ज्या कारागिरांच्या भरवशावर चालते, तेच कारागीर आज पासपोर्ट काढू लागले आहेत. त्यांच्यापैकी कोणी सल्ला विचारायला आलाच, तर तो बहुधा ओळखीच्या दुकानदाराकडेच येतो. म्हणून ही खतावणी नीट मांडून पाहणे आवश्यक आहे.

एका तासाची किंमत

आरंभ सर्वांत परिचित तुलनेने करता येईल. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या मे २०२४ च्या आकडेवारीनुसार तेथील इलेक्ट्रिशियनची मध्यक वार्षिक मजुरी ६२,३५० डॉलर होती. मध्यक म्हणजे निम्मे त्याहून कमी मिळवणारे आणि निम्मे त्याहून अधिक मिळवणारे. प्लंबरची मजुरी ६२,९७० डॉलर आणि सुताराची ५९,३१० डॉलर. इलेक्ट्रिशियनचा हिशोब तासावर आणला तर तो २९.९८ डॉलर होतो.

भारतात केंद्र सरकारच्या कक्षेतील बांधकामांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून मोठ्या शहरांत कुशल कामगाराचे किमान वेतन दिवसाला ९५४ रुपये, म्हणजे सव्वीस दिवसांच्या महिन्याला २४,८०४ रुपये ठरवण्यात आले. आठ तासांनी भागले तर तासाला ११९ रुपये येतात. डॉलरचा भाव ८४ रुपये धरला, तर अमेरिकी कारागिराचा एक तास भारतीय कारागिराच्या एकवीस तासांइतका भरतो. एक मध्यक आणि दुसरे किमान, म्हणून ही तुलना अगदी समतोल नाही. परंतु अंतराची कल्पना येण्यास ती पुरेशी आहे.

मात्र अमेरिकी कारागिराने आपले डॉलर अमेरिकेतच खर्च करायचे असतात. तेथे केस कापून घेणे, चप्पल शिवून घेणे, मुलाची शिकवणी लावणे, डॉक्टरला दाखवणे, खोली भाड्याने घेणे, या प्रत्येक गोष्टीत दुसऱ्या एखाद्या महागड्या माणसाचा तास विकत घ्यावा लागतो. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव्ह कासेल यांनी १९१८ मध्ये या विचाराला ‘क्रयशक्तीची समता’ असे नाव दिले: चलनाचा खरा भाव बाजारातील अदलाबदलीने ठरत नाही, त्या चलनात त्या त्या देशात काय विकत मिळते यावरून ठरतो. जागतिक बँकेच्या पुढाकाराने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात २०१७ साठी हा भाव काढला गेला, तेव्हा बाजारात डॉलर ६५.१२ रुपयांना मिळत होता. परंतु अमेरिकेत एका डॉलरमध्ये जे मिळते ते भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होते. म्हणजे भारतातील रुपया बाजारभावावरून वाटतो त्याच्या तिपटीहून अधिक काम करतो. हेच प्रमाण गृहीत धरले तर एकवीसपटीचे अंतर जवळजवळ सातपटीवर येते. सातपट हे अंतरही मोठेच आहे. पण अडीच हजार रुपये तासाला, या उद्गारात जे चित्र उभे राहते ते मात्र उरत नाही.

गव्हाने मोजावे की तुपाने?

सरासरी भावातही एक अडचण लपलेली आहे. कोणत्या वस्तूने मोजायचे, यावर उत्तर बदलते. ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने १९८६ मध्ये एका प्रसिद्ध अमेरिकी बर्गरच्या किमतीवरून चलनांची तुलना सुरू केली. भारतात गोमांसाचा तो पदार्थ मिळत नसल्याने येथील तुलनेसाठी कोंबडीच्या मांसाचा पर्याय घ्यावा लागला. शाकाहारी कुटुंबाला दोन्ही निरुपयोगी. स्वित्झर्लंडमधील एका मोठ्या बँकेने १९७१ पासून वेगळी वाट धरली: एक किलो पाव किंवा एक किलो तांदूळ घेण्यासाठी त्या त्या शहरातील माणसाला किती मिनिटे काम करावे लागते, ते मोजायचे. चलन मधून काढून टाकून श्रमाच्या वेळेनेच वस्तू तोलण्याची ही रीत अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

याच रीतीने चारशे वर्षे मागे जाता येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त कारागिरांची रोजंदारी आणि धान्याचे भाव दोन्ही नोंदवून ठेवले आहेत. पहिल्या प्रतीच्या सुताराला दिवसाला ७ दाम मिळत. रुपयाचे ४० दाम होत असत. गहू मणाला १२ दाम आणि तूप मणाला १०५ दाम होते. अकबरी मण आजच्या सुमारे पंचवीस किलोंचा. म्हणजे त्या सुताराच्या एका दिवसाच्या मजुरीत साडेचौदा किलो गहू किंवा सुमारे सोळाशे-सतराशे ग्रॅम तूप येई. आज ९५४ रुपयांत, गहू चौतीस रुपये किलो धरला, तर अठ्ठावीस किलो गहू येतो, म्हणजे जवळपास दुप्पट. तूप मात्र साडेसहाशे रुपये किलोने दीड किलोही येत नाही. गव्हाने मोजले तर सुतार श्रीमंत झाला आणि तुपाने मोजले तर तो होता तेथून किंचित मागेच सरला आहे. अकबराच्या कारखान्यातील पहिल्या प्रतीचा सुतार सामान्य माणूस नव्हता, हे लक्षात ठेवले तरी मापाप्रमाणे निष्कर्ष किती बदलतो ते यातून स्पष्ट होते.

आजच्या कारागिराच्या आयुष्यात तुपापेक्षाही महत्त्वाचे माप आहे ते त्याच्या हत्यारांचे. खोलीचे भाडे, न्हाव्याची मजुरी, भाजी यांचे भाव देशोदेशी वेगळे असतात. परंतु तांब्याची तार, ड्रिल मशिन, मीटर आणि मोबाइल फोन यांचे भाव जगभर थोड्याफार फरकाने सारखेच असतात. जे जहाजातून नेता येते त्याची किंमत सर्वत्र समान होऊ पाहते. जे नेता येत नाही ते स्थानिक मजुरीप्रमाणे स्वस्त किंवा महाग राहते. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हे तत्त्व मांडले.

त्याचा कारागिरावर होणारा परिणाम दुकानदार रोज काउंटरवर पाहतो. समजा, चांगले ड्रिल मशिन सहा हजार रुपयांचे आहे. वर दिलेल्या दराने भारतीय कारागिराला त्यासाठी सहा दिवसांहून अधिक राबावे लागते. अमेरिकी कारागीर अडीच तासांत तेवढे मिळवतो. म्हणूनच तिकडचा कारागीर एकटाच गाडीभर यंत्रे घेऊन येतो, आणि इकडचा कारागीर दोन मदतनीस घेऊन छिन्नी-हातोड्याने भिंत फोडतो. त्यामुळे इकडच्या कारागिराचे काम हळू होते, काम हळू म्हणून मजुरी कमी, आणि मजुरी कमी म्हणून यंत्र परवडत नाही, असे हे चक्र फिरत राहते. कौशल्यात उणीव नसतानाही भारतीय कारागिराचा तास स्वस्त राहण्याचे हे एक ठळक कारण आहे.

जर्मनीची खतावणी

महाराष्ट्रातील तरुणांपुढे सध्या जर्मनीचे नाव आहे, तेव्हा तिचा ताळेबंद सविस्तर मांडणे उपयुक्त ठरेल. जर्मनीत २०२५ साठी सर्वसाधारण किमान वेतन तासाला १२.८२ युरो होते. विद्युतकामाच्या व्यवसायासाठी मात्र त्याहून वेगळे आणि वरचे किमान वेतन १४.४१ युरो ठरलेले होते. अनुभवी माणसाला याहून अधिक मिळते. पण नव्याने जाणाऱ्याने तळाचा आकडा धरूनच हिशोब करावा. आठवड्याला चाळीस तास काम केल्यास महिन्याला सुमारे २,५०० युरो होतात. युरो ९५ रुपये धरला तर दोन लाख सदतीस हजार रुपये. गावाकडे पोहोचणारा आकडा हाच असतो.

आता नावेची बाजू. निवृत्तिवेतनासाठी ९.३ टक्के, बेकारी विम्यासाठी १.३ टक्के, आरोग्य विम्याचा निम्मा हिस्सा आणि वृद्धापकाळातील शुश्रूषेचा विमा मिळून पगाराचा सुमारे पाचवा भाग हाती येण्यापूर्वीच वजा होतो. त्यानंतर प्राप्तिकर. एकट्या, अविवाहित माणसाच्या हाती २,५०० पैकी साधारण १,८०० युरो येतात. कामाच्या शोधात जर्मनीत येऊ इच्छिणाऱ्यांसाठी जी ‘संधी-पत्र’ योजना आहे, तिच्यात २०२५ मध्ये उमेदवाराने दरमहा १,०९१ युरो खर्चण्याची ऐपत दाखवावी, अशी अट होती. म्हणजे एका माणसाच्या साध्या राहणीचा खर्च खुद्द जर्मन सरकारनेच तेवढा धरलेला आहे. तो वजा केला तर शिल्लक राहतात सुमारे सातशे युरो, रुपयांत सहासष्ट हजारांच्या आसपास.

दोन लाख सदतीस हजार आणि सहासष्ट हजार यांतील अंतर समजावून घेतल्याशिवाय घेतलेला निर्णय पुढे पश्चात्तापाला कारण होतो. तरीही सहासष्ट हजारांची शिल्लक लहान नाही. येथील चोवीस हजार आठशेंतून घरखर्च भागवून उरणाऱ्या रकमेशी ती ताडून पाहिली म्हणजे जाणाऱ्याचे मन का ओढले जाते ते समजते. मात्र पत्नी-मुलांना सोबत नेले, मोठ्या शहरात दोन खोल्यांचे घर घेतले, की ही शिल्लक झपाट्याने आटते. डाळी, मसाले, तूप बाहेरून येत असल्याने घरगुती शाकाहारी स्वयंपाकाची सवय तिकडे स्वस्त पडतेच असे नाही. उलट बटाटा, कोबी, पीठ, दूध यांवर भागवणारा सहज बचत करतो.

याच खतावणीला आणखी एक बाजू आहे आणि ती रुपयांत मांडणे अवघड आहे. कापून गेलेला पाचवा भाग बुडालेला नसतो. त्यातून कारागिराला आजारपणात औषधोपचार मिळतात. आजारी पडल्यास सहा आठवड्यांपर्यंत मालकाकडून पूर्ण पगार चालू राहतो. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान वीस दिवसांची भरपगारी रजा असते. काम सुटले तर काही काळ आधार मिळतो, आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन. ५८ युरोंच्या मासिक पासावर २०२५ मध्ये देशभरच्या स्थानिक बस आणि गाड्यांतून प्रवास करता येत होता. मुलांच्या शाळेला फी नाही. भारतीय कारागिराच्या वहीत या सर्व बाबी खर्चाच्या बाजूला लिहाव्या लागतात.

आणि प्रतिष्ठेचाही प्रश्न आहे. जर्मनीत विद्युत कारागीर होण्यासाठी साडेतीन वर्षांची उमेदवारी असते. त्या काळात आठवड्यातील काही दिवस व्यवसायशाळेत आणि उरलेले कामावर जातात, आणि शिकतानाच विद्यावेतन मिळते. पुढे अनुभवाने आणि परीक्षेने ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर होता येते. जर्मनीच्या शैक्षणिक पात्रता-आराखड्यात या उस्तादाचे स्थान विद्यापीठाच्या पदवीधराबरोबर सहाव्या पातळीवर आहे. तो स्वतःची पेढी काढतो, शिकाऊ ठेवतो, आणि गावात त्याला मान असतो.

अमेरिका आणि स्वित्झर्लंड

अमेरिकी कारागिराचा पगार जर्मन कारागिरापेक्षा मोठा दिसतो. परंतु तेथे कागदावर कमी वजावट दाखवून खर्च पुढे ढकललेला असतो. सामाजिक सुरक्षा आणि वृद्धांच्या वैद्यकीय योजनेसाठी पगारातून ७.६५ टक्के जातात. आरोग्य विमा बहुधा मालकामार्फत मिळतो. २०२४ मध्ये अशा कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता, आणि त्यातील ६,२९६ डॉलर कामगाराच्या वाट्याला येत होते. मध्यक इलेक्ट्रिशियनच्या वर्षाच्या पगाराचा हा दहावा भाग झाला; शिवाय प्रत्यक्ष उपचारांच्या वेळी काही रक्कम खिशातून भरावी लागते ती वेगळीच. भरपगारी रजा देण्याची सक्ती तेथील संघराज्याच्या कायद्यात नाही. स्वतःची मोटार असल्याशिवाय बहुतेक ठिकाणी कामावर पोहोचताच येत नाही. त्यामुळे नोकरी टिकली आणि प्रकृती चांगली राहिली, तर अमेरिकेत शिल्लक मोठी. एक मोठे आजारपण आले की तीच शिल्लक वर्षभरात संपू शकते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर नफ्याचे प्रमाण जास्त, पण जोखीमही ज्याची त्याच्याच माथी.

स्वित्झर्लंडचे उदाहरण याहून बोलके आहे. जिनिव्हा परगण्यातील मतदारांनी २०२० मध्ये किमान वेतनाला कौल दिला. २०२५ मध्ये तो दर तासाला २४.४८ फ्रँक होता. आठवड्याला बेचाळीस तासांच्या हिशोबाने महिन्याला साडेचार हजार फ्रँकच्या जवळ, म्हणजे सव्वाचार लाख रुपयांहून अधिक. हा किमान दर आहे. कुशल कारागीर याहून पुष्कळ वर असतो. परंतु तेथे आरोग्य विमा प्रत्येकाने स्वतः, माणशी, सक्तीने घ्यायचा असतो. २०२५ मध्ये प्रौढ व्यक्तीचा देशातील सरासरी मासिक हप्ता सुमारे ४४९ फ्रँक होता. किमान वेतनावर एकट्याने घर चालवणाऱ्याच्या पगाराचा पाचवा भाग पती-पत्नींच्या विम्यातच जातो. घरभाडे त्याहून कितीतरी जास्त.

या महागाईवर त्या भागातील लोकांनी शोधलेला उपाय कोणत्याही व्यापारी मनाला पटेल असाच आहे. सुमारे चार लाख माणसे फ्रान्स, इटली आणि जर्मनी या शेजारी देशांत राहून रोज सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये कामाला येतात. निम्म्याहून अधिक एकट्या फ्रान्समधून. कमाई महागड्या देशात आणि संसार स्वस्त देशात. उलट बाजूने स्विस गृहिणी शनिवारी सीमा ओलांडून जर्मन गावांत किराणा भरायला जातात. ही रीघ इतकी वाढली की बाहेरून आणलेल्या मालावरील करमाफीची मर्यादा स्विस सरकारने १ जानेवारी २०२५ पासून माणशी ३०० फ्रँकवरून १५० फ्रँकवर आणली.

आखाती देश: दर कमी, शिल्लक अधिक

कमावण्याचे ठिकाण आणि खर्चण्याचे ठिकाण वेगळे ठेवणे, हेच तत्त्व गेली पन्नास वर्षे भारतीय कारागिरांना आखातात नेत आले आहे. कतारने मार्च २०२१ पासून सर्व कामगारांसाठी महिन्याला १,००० रियाल किमान मूळ वेतन लागू केले. मालक निवास आणि जेवण देत नसेल, तर त्यासाठी अनुक्रमे ५०० आणि ३०० रियाल अधिक द्यावे लागतात. एक हजार रियाल म्हणजे सुमारे तेवीस हजार रुपये. भारतातील केंद्रीय कक्षेच्या कुशल दरापेक्षा हा आकडा कमीच आहे! कुशल कारागिराला तेथे या तळाहून वरचा पगार मिळतो हे खरे. परंतु अगदी तळाच्या पगारावरही माणसे का जातात, याचे उत्तर दरात सापडत नाही. राहणे आणि जेवण मालकाकडे, प्राप्तिकर नाही, घर चालवायचे ते भारतातल्या गावात. त्यामुळे मूळ वेतनाचा मोठा भाग थेट शिल्लक म्हणून घरी पोहोचतो. शिवाय भारतातील जो दर कायद्यात लिहिला आहे तो सर्वांच्या हाती पडतोच असे नाही. रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातील पुरुष बांधकाम कामगाराची रोजची सरासरी मजुरी देशात ३९३ रुपये होती. केरळात ८५२ रुपये, तर मध्य प्रदेशात २७८ रुपये. ज्या केरळातून माणसे आखातात गेली, त्याच केरळात आज बंगाल आणि ओडिशातील कारागीर कामाला येतात, हे या आकड्यांवरून सहज उमगते.

आखाताच्या खतावणीतील सर्वांत धोकादायक नोंद पहिल्याच पानावर असते, ती म्हणजे जाण्यासाठी काढलेले कर्ज. भारतीय कायद्याप्रमाणे नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढीच सेवाफी घेता येते. प्रत्यक्षात अनेकदा याच्या कितीतरी पट रक्कम उकळली जाते. दरमहा शेकडा तीन व्याजाने लाख रुपये काढून जाणाऱ्याच्या माथी वर्षाला छत्तीस हजारांचे नुसते व्याज बसते; तेवीस हजारांच्या पगाराचा दीड महिना तेथेच संपला. सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण देते, आणि तिचा हप्ता दोन वर्षांसाठी अवघा २७५ रुपये आहे. नोंदणी नसलेल्या एजंटाच्या मार्गाने, पर्यटक व्हिसावर जाणारा कारागीर एवढ्या स्वस्त आधारालाही मुकतो.

इस्रायलच्या भरतीत महिना ६,१०० शेकेल, म्हणजे सुमारे एक लाख सदतीस हजार रुपये पगार जाहीर झाला होता. निवास आणि आरोग्य विम्याचा भार कामगारावर होता. ऑक्टोबर २०२३ नंतर पॅलेस्टिनी कामगारांचे परवाने थांबल्यामुळे ही मागणी निर्माण झाली. युद्धाच्या छायेतील या पगारात जिवाच्या जोखमीचे मूल्यही मिसळलेले आहे, आणि ते मूल्य कोणत्याही खतावणीत स्वतंत्र ओळीवर लिहिलेले नसते.

जाणाऱ्यासाठी पाच प्रश्न

या सर्व तुलनेतून जाऊ इच्छिणाऱ्या कारागिरासाठी, किंवा त्याला सल्ला देणाऱ्यासाठी, काही प्रश्न निघतात. सांगितलेला पगार वजावटीपूर्वीचा की हाती येणारा? निवास आणि जेवण कोणाच्या खर्चाने, आणि तसे करारात लिहिले आहे का? आजारपण, अपघात आणि काम सुटणे यांचा भार कोणावर? येथील आयटीआयचे प्रमाणपत्र तेथे मान्य होते का, की कुशल माणसाला बिगारी म्हणून राबावे लागेल? आणि जाण्याचा सगळा खर्च, भाषा शिकण्यात गेलेल्या महिन्यांसकट, किती महिन्यांच्या शिलकीतून फिटेल? पाचही उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय पगाराच्या आकड्याला अर्थ नाही.

बिलात न दिसणारे रकाने

जे जात नाहीत, त्यांच्याविषयी मात्र ही तुलना अधिक गंभीर प्रश्न विचारते. जर्मन घरमालकाला इलेक्ट्रिशियन इतका महाग पडतो की अनेकजण किरकोळ दुरुस्ती स्वतःच करतात. त्याच्या बिलात कारागिराच्या मजुरीवर मालकाने भरलेला सुमारे एकवीस टक्के सामाजिक विम्याचा हिस्सा असतो, रजेचे आणि आजारपणाचे दिवस असतात, शिकाऊ उमेदवाराचे विद्यावेतन असते, आणि वर एकोणीस टक्के मूल्यवर्धित कर. हा भार हलका व्हावा आणि काम चोरून, विनापावती होऊ नये, म्हणून घरदुरुस्तीच्या मजुरीचा वीस टक्के भाग, वर्षाला १,२०० युरोंपर्यंत, प्राप्तिकरातून वजा करून घेण्याची सवलत तेथील सरकार देते. थोडक्यात, कारागिराचे म्हातारपण आणि आजारपण या दोन्हींची किंमत ग्राहकाच्या बिलातच धरलेली असते.

भारतीय ग्राहकाच्या बिलात हे रकाने नसतात. ते मांडून पाहिले तर किती होतात? भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा बारा टक्के. वर्षाला पंधरा दिवसांचे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, जवळपास पाच टक्के. कारखान्यांप्रमाणे वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा धरली तर आणखी पाच टक्के. एकूण बावीस टक्के. ९५४ रुपयांच्या रोजंदारीवर ही रक्कम दोनशे रुपयांहून थोडी अधिक होते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या, दुकानदाराच्या शिफारशीवर घरोघर जाणाऱ्या बहुसंख्य वायरमन, प्लंबर, सुतारांना हे दोनशे रुपये कोणीच देत नाही. परंतु न दिल्याने तो खर्च नाहीसा होत नाही. शिडीवरून पडल्यावर, साठीनंतर हात थरथरू लागल्यावर किंवा मुलीच्या शिक्षणाच्या ऐन वेळी तो खर्च समोर येऊन उभा राहतो, आणि त्या दिवशी तो एकट्या कारागिराच्या नावावर पडतो. व्यापारात ज्याला राखीव निधी म्हणतात, तो त्याच्या आयुष्यात कोणी बाजूला काढूनच ठेवलेला नसतो.

म्हणून एकवीसपट की सातपट, हा वाद काही मर्यादेपर्यंतच उपयोगाचा आहे. दोन देशांच्या कारागिरांत खरे अंतर पडते ते वहीत किती रकाने आखले आहेत यावरून. दुकानाशी वर्षानुवर्षे बांधलेल्या कारागिराच्या नावे विमा उतरवणे, त्याच्या भविष्यनिर्वाह निधीची नोंद करणे, हत्यारे घेण्यासाठी बिनव्याजी उचल देणे, ग्राहकाला सुचवलेल्या दरात त्याच्या आजारपणाचा आणि रजेचा विचार धरणे, यांसाठी कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट पाहावी लागत नाही. दररोज दोनशे रुपयांचा हा रकाना ज्या वह्यांत आखला जाईल, त्या गावातील कारागीर परदेशी गेला तरी नाइलाजाने जाणार नाही, आणि राहिला तर त्याचे राहणेही नुकसानीचे ठरणार नाही.